प्लोटायनस वाचायला घेताय? मग हा क्रम धरा

प्लोटायनसचं नाव बहुतेकांच्या कानावर कुठून तरी अर्धवट आलेलं असतं. कुणी सेंट ऑगस्टीन वाचताना त्याच्यापाशी पोचतं, कुणी सूफींच्या वाटेनं, तर कुणी 'ग्रीकांचा अद्वैती' असं काहीतरी ऐकून. मग मोठ्या उत्साहानं 'एनिअड्स' या त्याच्या लेखसंग्रहाचा जाडजूड खंड आणला जातो, पहिलं पान उघडलं जातं आणि दहाव्या पानाच्या आत पुस्तक मिटलं जातं. यात वाचणाऱ्याचा दोष नसतो. ग्रंथाच्या सुरुवातीला छापलेला लेख प्लोटायनसनं आयुष्याच्या अखेरीला, आजारपणात लिहिलेला आहे. चोपन्न लेखांतला तो त्रेपन्नावा. आधीचं सगळं माहीत आहे असं धरूनच तो बोलतो.

तत्त्वज्ञानाची पदवी नाही, ग्रीक येत नाही, पण इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या, ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या या तत्त्वज्ञाला त्याच्याच लिखाणातून ओळखायचं आहे, अशांसाठी हा लेख आहे. घाई नसेल तर हे जमतं. माझं म्हणणं इतकंच, की त्याचा विचार आणि त्याचं जगणं एकमेकांपासून तोडून वाचू नका. तोडलं की तो हटकून जगाला कंटाळलेला पळपुटा वाटतो, आणि तसा तो नव्हता.

## १. आधी जवळ काय काय ठेवायचं

एक भाषांतर, एकच. वाचन इंग्रजीतून करायचं धरून चाला. तीन पर्याय चांगले आहेत. स्टीफन मॅकेना या आयरिश पत्रकारानं १९१७ ते १९३० या काळात केलेलं भाषांतर आंतरजालावर मोफत मिळतं. भाषा देखणी आहे, पण मूळ वाक्यापासून ती बरीच मोकळी होते. ए. एच. आर्मस्ट्राँग यांचं सात खंडांचं भाषांतर १९६६ ते १९८८ दरम्यान निघालं. डाव्या पानावर ग्रीक आणि उजव्या पानावर इंग्रजी. तिसरं म्हणजे लॉइड गर्सन यांच्या संपादनाखाली २०१८ मध्ये केंब्रिजनं काढलेला एकखंडी अनुवाद. टिपा भरपूर, पण पुस्तक मांडीवर घेऊन वाचण्याजोगं नाही. विकत घ्यायचा एकच खंड असेल तर मी आर्मस्ट्राँगचा पहिला घ्या म्हणेन. उरलेले ग्रंथालयातून आणता येतात.

पॉर्फिरीनं लिहिलेलं प्लोटायनसचं चरित्र. हे वेगळं घ्यावं लागत नाही. वरच्या तिन्ही भाषांतरांत ते सुरुवातीला जोडलेलं आहे.

प्लेटोची थोडी पानं. 'सिंपोझियम'मधलं डायोटिमाचं भाषण, 'फीड्रस'मधला आत्म्याच्या रथाचा भाग आणि 'रिपब्लिक'च्या सहाव्या-सातव्या भागातले सूर्य आणि गुहा. एवढं वाचलेलं असलं तरी सुरुवातीला भागतं.

एक वही. तिचा उपयोग पाचव्या पायरीत सांगतो.

टीकाग्रंथ अजून आणू नका. प्लोटायनसवर इतकं लिहिलं गेलंय, की टीकाच वाचत राहायची तर मूळ लेखापर्यंत पोचणं राहूनच जातं.

## २. पहिल्या आठवड्यात फक्त चरित्र वाचा

प्राचीन तत्त्वज्ञांपैकी फार थोड्यांबद्दल आपल्याला इतक्या जवळून माहिती आहे. पॉर्फिरी हा त्याचा शिष्य. २६३ मध्ये तो रोमला आला तेव्हा तिशीत होता, आणि प्लोटायनस साठीच्या उंबरठ्यावर. सहाएक वर्षं तो गुरूपाशी राहिला. चरित्र मात्र त्यानं गुरूच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांनी, स्वतःच्या अडुसष्टाव्या वर्षाच्या सुमारास लिहिलं.

चरित्राचं पहिलंच वाक्य प्रसिद्ध आहे: आपल्या काळातला हा तत्त्वज्ञ देहात असल्याची जणू लाज बाळगून होता. आईबाप कोण, गाव कुठलं, हे तो सांगत नसे. जन्म २०४-०५ च्या सुमाराचा. इजिप्तमधलं लायकोपोलिस हे त्याचं गाव, असं नंतरच्या एका लेखकानं नोंदवलंय. स्वतःचं चित्र काढून घ्यायलाही तो तयार नव्हता. निसर्गानं अंगावर घातलेली ही एक प्रतिमा वागवतोय ते पुरे नाही का, आता प्रतिमेची प्रतिमा कशाला, असं त्याचं म्हणणं. शेवटी अमेलियस या शिष्यानं कार्टेरियस नावाच्या चित्रकाराला वर्गात आणून बसवलं. त्यानं गुरूला नीट पाहून घेतलं आणि आठवणीतून चित्र काढलं. गुरूला त्याचा पत्ताही नव्हता.

सापळा: बरेच जण इथेच थांबतात आणि 'देहद्वेष्टा' असा शिक्का मारून मोकळे होतात. पुढे वाचा.

वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याला तत्त्वज्ञानाची ओढ लागली. अलेक्झांड्रियातल्या नामांकित अध्यापकांची व्याख्यानं ऐकून तो खिन्न होऊन परतायचा. एका मित्रानं त्याला अमोनियसकडे नेलं. ते ऐकून तो मित्राला म्हणाला, "याच माणसाच्या शोधात मी होतो." पुढची अकरा वर्षं तो अमोनियसपाशी होता. अमोनियसनं स्वतः काही लिहून ठेवलं नाही. त्याची शिकवण उघड करायची नाही, असं प्लोटायनस आणि आणखी दोन शिष्यांनी आपसांत ठरवलं होतं. त्यातल्या एकानं ते आधी मोडलं, मग दुसऱ्यानं. प्लोटायनस मात्र रोममध्ये शिकवायला लागल्यावरही जवळजवळ दहा वर्षं काही लिहीत नव्हता.

रोमला येण्याआधीचा एक प्रसंग आपल्याला खास जिव्हाळ्याचा. पारशांचं आणि हिंदुस्थानातलं तत्त्वज्ञान प्रत्यक्ष जाणून घ्यायचं म्हणून एकोणचाळिसाव्या वर्षी तो सम्राट तिसरा गॉर्डियन याच्या पूर्वेकडच्या मोहिमेत सामील झाला. २४४ मध्ये गॉर्डियनचा मेसोपोटेमियात अंत झाला आणि प्लोटायनस कसाबसा जीव वाचवून अँटिऑकला पोचला. तिथून तो रोमला आला. वय चाळीस.

आता रोममधलं त्याचं घर बघा. तो राहायचा जेमिना नावाच्या बाईंच्या घरी. मृत्यू जवळ आल्यावर अनेक खानदानी स्त्री-पुरुष आपली मुलं, मुली आणि मालमत्ता त्याच्या हवाली करून जात, कारण हा माणूस राखणदार म्हणून पवित्र आणि भरवशाचा वाटे. त्यामुळे घर मुलामुलींनी भरलेलं असे. पोटॅमॉन नावाच्या मुलाचा अभ्यास तो जातीनं घेई, त्याचं तेच ते पुन्हा पुन्हा ऐके. मुलांच्या मिळकतीचे हिशेब कुणी मांडायला आलं तर बसून बारकाईनं तपासे. मुलं तत्त्वज्ञ होईपर्यंत त्यांची मालमत्ता आणि उत्पन्न शाबूत राहायलाच हवं, असं म्हणे. सव्वीस वर्षं रोममध्ये राहून त्यानं कितीतरी तंट्यांत लवाद म्हणून काम केलं. तरी नगरातल्या कुणाशी त्याचं वैर आलं नाही.

हे हिशेब तपासणं मला त्याच्या तत्त्वज्ञानाइतकंच महत्त्वाचं वाटतं. मन सतत आत वळलेलं असूनही तो एकाच वेळी स्वतःपाशी आणि इतरांपाशी असे, असं पॉर्फिरी सांगतो. आणि काळ कसला होता! सैन्यानं सम्राट बसवायचे आणि सैन्यानंच मारायचे, सीमेवर सतत युद्धं, रोममध्ये साथ. त्या साथीत त्याचं अंग रगडणारे सेवकही गेले. पण त्याच्या लिखाणात एकाही सम्राटाचं नाव सापडत नाही.

पॉर्फिरीला एकदा जीव द्यावासा वाटू लागलं होतं. प्लोटायनसला ते जाणवलं. तो अचानक त्याच्या घरी गेला आणि म्हणाला, की हा विचार बुद्धीतून आलेला नाही, हा उदासीनतेच्या आजारातून आलाय, तू गाव बदल. पॉर्फिरी सिसिलीला गेला आणि वाचला. गुरूच्या मृत्यूच्या वेळी म्हणूनच तो जवळ नव्हता.

## ३. छापील क्रम सोडा, लिहिल्याचा क्रम धरा

प्लोटायनस आधी संपूर्ण लेख मनात रचायचा आणि मग पुस्तकातून उतरवून घ्यावं तसा सलग लिहून काढायचा. मध्येच कुणी आलं तर बोलायचा आणि ते गेल्यावर राहिलेल्या जागेपासून पुढे सुरू करायचा. नजर अधू असल्यामुळे लिहिलेलं परत वाचत नसे. अक्षर वाईट, शब्द नीट तोडलेले नसत, शुद्धलेखनाकडे लक्ष नाही. हे सगळं निस्तरायचं काम पॉर्फिरीवर आलं.

पॉर्फिरीनं लेख विषयवार लावले आणि नऊ-नऊचे सहा गट केले. गटाला म्हणतात 'एनिअड', म्हणजे नवक. चोपन्न हा आकडा जुळवण्यासाठी त्यानं काही सलग लेखांचे तुकडेही केले. पण आपल्या सुदैवानं कुठला लेख केव्हा लिहिला त्याची यादीही त्यानं चरित्रात दिली: पॉर्फिरी रोमला येण्याआधीचे एकवीस, तो तिथे असतानाचे चोवीस आणि तो सिसिलीला गेल्यानंतरचे नऊ.

संदर्भ कसा वाचायचा तेही बघून घ्या. '१.६.९' म्हणजे पहिलं नवक, त्यातला सहावा लेख, त्यातलं नववं प्रकरण. प्रकरणं लहान असतात, बहुतेक पान-दीड पानाची.

नव्या वाचकानं हा क्रम घ्यावा:

- १.६, सौंदर्याविषयी (लिहिल्याच्या क्रमानं पहिला)
- ४.८, आत्मा देहात का उतरतो (सहावा)
- ५.१, तीन मूळ तत्त्वं (दहावा)
- ६.९, 'एक' किंवा 'शिव' (देव नव्हे, परम मंगल; इंग्रजीत 'द गुड') याविषयी (नववा, पण ५.१ नंतर वाचला तर जास्त उलगडतो)
- ३.८, ५.८, ५.५, २.९, याच क्रमानं (३० ते ३३)

शेवटचे चार मुळात एकच दीर्घ लेख होते. पॉर्फिरीनं ते तीन वेगवेगळ्या नवकांत विखुरले. ग्रंथात ते लांब लांब सापडतात, पण सलग वाचले की विचार कसा चढत जातो ते दिसतं.

## ४. तीन तत्त्वांची तोंडओळख करून घ्या

सगळ्याच्या मुळाशी एक. त्याला तो 'शिव' या अर्थानंही संबोधतो. ते कुठली वस्तू नाही, विचार नाही, 'आहे' असंही त्याच्याबद्दल नीट म्हणता येत नाही. त्यातून नूस: सर्व सत्याचं एकवटलेलं ज्ञान, जिथे जाणणारा आणि जाणलं जाणारं वेगळे नाहीत. त्यातून आत्मा, जो काळात उतरतो, विश्वाला चालवतो आणि आपल्यातही आहे. अग्नीतून उष्णता, बर्फातून गारवा, तसं पूर्ण असलेलं ते आपोआप बाहेर देतं आणि देऊन कमी होत नाही. ३.८.१० मध्ये तो झऱ्याचं उदाहरण देतो: ज्याला दुसरा उगम नाही असा झरा, जो स्वतःला सगळ्या नद्यांना देऊन टाकतो आणि तरी जिथल्या तिथे शांत राहतो.

सापळा एक: हे वरून खाली आलेले तीन मजले समजू नका. ही तिन्ही जशी विश्वात आहेत तशीच आपल्यातही आहेत, असं तो ५.१.१० मध्ये स्पष्ट सांगतो. नकाशा बाहेरचा नाही, तुमचाच आहे.

सापळा दोन: भाषांतरागणिक शब्द बदलतात. नूसला मॅकेना 'इंटलेक्चुअल-प्रिन्सिपल' म्हणतात, आर्मस्ट्राँग 'इंटलेक्ट'. मराठीत नुसतं 'बुद्धी' लिहिलं तर तर्क चालवणारी बुद्धी डोळ्यांसमोर येते, आणि नूसला तर्क चालवावाच लागत नाही. वहीत मूळ शब्दच ठेवा: नूस.

## ५. पहिला लेख असा वाचा

१.६ मध्ये तो सुरुवातीलाच त्या काळचं सर्वमान्य मत घेतो: सौंदर्य म्हणजे अवयवांचा प्रमाणबद्ध मेळ. मग एकेक अडचण मांडतो. तसं असेल तर ज्याला अवयवच नाहीत ते सुंदर कसं? सूर्यप्रकाश, सोनं, रात्रीची वीज, एकटा सूर? आणि प्रमाण तेच असून तोच चेहरा कधी सुंदर दिसतो आणि कधी नाही, ते का? (खूप पुढे, ६.७.२२ मध्ये हाच धागा तो पुन्हा उचलतो: जिवंत चेहऱ्यावर जी कांती असते ती नुकत्याच गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर का नसते? प्रमाण तर तसंच असतं.)

इथे वही काढा. पान उभं दुभागा. डावीकडे 'पूर्वपक्ष', उजवीकडे 'उत्तरपक्ष'. प्लोटायनस वर्गात प्रश्नोत्तरांतून शिकवायचा आणि लिहितानाही तसाच बोलतो. शंका काढतो, तिला उत्तर देतो, उत्तरावर पुन्हा शंका. हे वाक्य कुणाचं, ते मात्र सांगत नाही. शास्त्रग्रंथांची ही रीत आपल्याला परकी नाही, तिचा फायदा घ्या. एखादं वाक्य त्याच्या मताच्या उलट वाटलं, तर बहुतेक वेळा ते डावीकडच्या रकान्यातलं निघतं.

लेखाचा शेवट सावकाश वाचा. १.६.८ मध्ये होमरच्या महाकाव्यातल्या ओडिसियसची आठवण येते: किर्के आणि कॅलिप्सोपाशी सगळी सुखं असताना तो निघाला, कारण त्याला घरी जायचं होतं. आपणही आपल्या मायदेशी जाऊ या, प्लोटायनस म्हणतो; पण तिकडे पाय नेत नाहीत, गाडी किंवा होडी नेत नाही. डोळे मिटून दुसरी दृष्टी जागी करावी लागते. ती प्रत्येकाकडे आहे, वापरतात थोडे. पुढच्या प्रकरणात मूर्तिकार येतो. स्वतःत बघ; अजून सुंदर दिसत नसशील तर मूर्तिकार करतो तसं कर, जास्तीचं छाटून काढ, वाकडं सरळ कर, आणि आपली मूर्ती घडवणं थांबवू नकोस.

हे वाक्य हल्ली 'स्वतःला घडवा' छापाच्या सुविचारांत फिरताना दिसतं. प्लोटायनसचा मूर्तिकार नवं काही जोडत नाही. तो काढून टाकतो. आतलं मूळचंच आहे.

## ६. पुढचे तीन लेख: घसरण, विस्मरण, परत वळणं

४.८ ची सुरुवात त्याच्या स्वतःच्या अनुभवानं होते, आणि असं तो क्वचितच करतो. मी कितीदा देहातून स्वतःकडे जागा होतो, बाकी सगळ्याच्या बाहेर आणि माझ्या आत असतो, अद्भुत सौंदर्य बघतो. आणि मग खाली उतरल्यावर कोड्यात पडतो, की मी उतरलो कसा? पुढचा सगळा लेख याच कोड्याचा. शेवटच्या प्रकरणात तो इतरांहून वेगळं मत धीटपणे मांडतो: आपला आत्मा पूर्ण उतरलेलाच नाही, त्याचा काही भाग नेहमी वरच असतो. हे मत नंतरच्या अनेक प्लेटोवाद्यांनी नाकारलं. त्याच्या साधनेचा पाया मात्र हाच. पोचायचं आहे तिथे आपण अंशतः आधीच आहोत.

५.१ मध्ये प्रश्न उलटा येतो: आत्मे आपल्या पित्याला विसरले कसे? लहानपणीच बापापासून तोडून दूर वाढवलेली मुलं बापाला ओळखत नाहीत आणि स्वतःलाही ओळखत नाहीत, तसं. स्वतःचं स्वतंत्र असण्याची हौस, एक धाडस, हे त्याचं कारण. याच लेखाच्या आठव्या प्रकरणात तो म्हणतो, की मी सांगतोय त्यात नवं काही नाही, हे प्लेटोत आहेच, मी फक्त उलगडून सांगतोय. 'नवप्लेटोवाद' हे लेबल कितीतरी शतकांनंतरच्या युरोपीय अभ्यासकांचं. तो स्वतःला प्लेटोचा अनुयायीच समजे. स्वतःचा वाढदिवस पाळत नसे, पण सॉक्रेटिस आणि प्लेटो यांचा मात्र मित्रांना बोलावून साजरा करी.

६.९ हा या तिन्हींतला सर्वांत सुंदर. चौथ्या प्रकरणापाशी थांबा. 'एक' ज्ञानानं कळत नाही, त्याच्या सान्निध्यानं कळतं, असं तो म्हणतो. मग आपण बोलतो आणि लिहितो कशाला? वाट दाखवायला. शिकवणं वाटेपर्यंत आणि प्रवासापर्यंतच. बघणं हे ज्याला बघायचंय त्याचं काम. आठव्या प्रकरणात गाणाऱ्यांचा ताफा येतो: म्होरक्याभोवती उभे आहेत, पण नजर बाहेर गेली की बेसूर होतात, आणि त्याच्याकडे वळले की सुरात गातात. आपण नेहमी त्याच्याभोवतीच असतो, फक्त नेहमी त्याच्याकडे बघत नसतो.

सापळा: पॉर्फिरी सांगतो, की त्याच्या सहवासाच्या काळात गुरूला ही एकरूपता चार वेळा लाभली. हा आकडा वाचून काही जण निराश होतात, काही जण फक्त त्याच्याच मागे लागतात. प्लोटायनसच्या लिखाणातला फार मोठा भाग युक्तिवादाचा आहे. इच्छा, स्मृती, दृष्टी, काळ, दुःख यांचा तो इतक्या चिकाटीनं काथ्याकूट करतो, की तो भाग वगळून केवळ 'अनुभव' शोधणाऱ्याच्या हाती फार थोडी पानं उरतात.

## ७. एक प्रयोग बसून करा

५.८.९ मध्ये तो वाचकाला नेमकं काय करायचं ते सांगतो. हे प्रकरण नुसतं वाचून पुढे जाऊ नका.

सगळं विश्व मनात एका पारदर्शक गोलासारखं आणा. सूर्य, तारे, पृथ्वी, समुद्र, सगळे प्राणी एकाच वेळी दिसू द्या. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी, काही हललेलं असेल, काही स्थिर. ते चित्र धरून ठेवा. आता त्यातलं वस्तुमान काढून टाका. मग जागा काढा, विस्तार काढा. तेवढाच पण लहान गोल करू नका, अशी तो मुद्दाम सूचना देतो. आणि मग ज्यानं हे केलं त्या देवाला 'ये' म्हणा.

पहिल्या खेपेला गोल लहान होतोच. मन विस्तार सोडत नाही. पण नेमकं कुठे अडतं ते बघितल्यावर त्याच लेखातलं चौथं प्रकरण परत वाचा, जिथे नूसच्या जगात सगळं पारदर्शक आहे आणि प्रत्येकात सर्व आहे. पहिल्या वाचनात ते काव्य वाटलेलं असतं. प्रयोगानंतर ते वर्णन वाटू लागतं.

## ८. 'हे तर आपलंच अद्वैत' म्हणण्याआधी

मराठी वाचकाच्या बाबतीत हे हमखास होतं, आणि त्यात नवल नाही. नेति नेतीची आठवण येते, ज्ञानदेवांची येते. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

तो हिंदुस्थानात आला नाही. मोहीम मेसोपोटेमियातच संपली. तो इकडच्या गुरूंपाशी शिकून गेला असं कुणी सांगितलं, तर त्याला चरित्रात आधार नाही.

दुसरं, त्याच्या 'एक'ला सच्चिदानंद म्हणायला तो तयार होणार नाही. सत् आणि चित् ही त्याच्या मांडणीत नूसची लक्षणं. 'एक' त्यांच्याही पलीकडे.

तिसरं, जग त्याच्या लेखी मिथ्या नाही. ते प्रतिमा आहे, पण खरी आणि सुंदर प्रतिमा. तुलना करायचीच तर मायावादापेक्षा 'अमृतानुभव' जवळ करा. ज्ञानदेवांनी तिथे अज्ञानाचं खंडन करून जगाकडे त्या चैतन्याचाच विलास म्हणून पाहिलं आहे. तीही जवळीकच, एकपण नव्हे. ही तुलना वहीच्या शेवटच्या पानांवर ठेवा आणि वरचे आठही लेख वाचून झाल्यावरच तिच्याकडे वळा.

## ९. २.९ टाळू नका

त्याच्या वर्गाला काही नॉस्टिक पंथाचे लोकही येत. त्यांतल्या काहींना तो मित्र म्हणतो. हे जग एका अडाणी किंवा दुष्ट निर्मात्यानं बनवलंय, आपण निवडक त्यातून सुटणार, असं त्यांचं मत. देहाची लाज वाटणारा हाच माणूस २.९ मध्ये यावर खवळून उठतो. १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीला जुनी हस्तलिखितं सापडली. पॉर्फिरीनं नाव घेऊन सांगितलेल्या नॉस्टिक ग्रंथांपैकी 'झोस्ट्रियानोस' त्यांत निघाला, त्यामुळे भांडण कुणाशी होतं ते आता दुसऱ्या बाजूनंही वाचता येतं.

अठराव्या प्रकरणात एकाच सुंदर घरात राहणारी दोन माणसं येतात. एक घराला आणि बांधणाऱ्याला नावं ठेवतो, आणि राहतो तिथेच. दुसरा नावं ठेवत नाही. बांधणाऱ्यानं किती कौशल्यानं बांधलंय ते ओळखतो आणि घराची गरज उरणार नाही त्या वेळेची वाट बघतो. पंधराव्या प्रकरणात तो म्हणतो, की 'देवाकडे बघ' एवढं सांगून भागत नाही, कसं बघायचं ते शिकवावं लागतं. सद्गुणांवाचून देव हे नुसतं नाव उरतं. जेमिनाच्या घरातले हिशेब आणि लवाद आठवा. ते इथे बसतात.

## १०. त्यानंतर काय, आणि काय सोडायचं

काळावरचा ३.७ आणि सुखावरचा १.४ आता वाचता येतील. १.४.१० मध्ये एक फार बारीक निरीक्षण आहे: मन लावून वाचणाऱ्याला आपण वाचतोय याची जाणीव नसते, आणि ती जाणीव आली की वाचनच मंदावतं. ६.८ सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत धाडसी. तिथे तो 'एक'च्या इच्छेबद्दल बोलतो आणि तेराव्या प्रकरणात बजावतो, की प्रत्येक शब्दाआधी 'जणू' धरून चला. पेन्सिलीनं समासात तो 'जणू' लिहूनच घ्या.

६.१ ते ६.३ हे पदार्थविचारावरचे (जे जे आहे त्याचे मूळ प्रकार कोणते, यावरचे) लेख ॲरिस्टॉटलचा त्या विषयावरचा ग्रंथ वाचल्याशिवाय उघडू नका. सूफी किंवा अरबी तत्त्वज्ञानाकडून आला असाल तर एक लक्षात असू द्या: चौथ्या ते सहाव्या नवकातल्या मजकुराचं नवव्या शतकात बगदादमध्ये अरबी रूपांतर झालं, पण ते 'ॲरिस्टॉटलचं ईश्वरशास्त्र' या नावानं फिरलं. त्यामुळे तिकडच्या ग्रंथांत ॲरिस्टॉटलच्या नावावर प्लोटायनस भेटतो.

आणि जमलं तर दोघं-तिघं मिळून वाचा. आत्मा देहात कसा राहतो, हे पॉर्फिरीनं एकदा तीन दिवस विचारलं आणि प्लोटायनस तीन दिवस समजावत राहिला. थॉमॅसियस नावाचा एक जण कंटाळून म्हणाला, आम्हाला सलग, लिहून घेण्याजोगं व्याख्यान हवंय, ही प्रश्नोत्तरं नकोत. त्यावर तो म्हणाला, पॉर्फिरीच्या शंका सुटल्या नाहीत तर लिहिण्याजोगं आपल्यापाशी काही असणारच नाही. तुमच्या बैठकीलाही हाच नियम लावा: एका बैठकीला एक प्रकरण, आधी ते मोठ्यानं वाचून घ्यायचं, येताना प्रत्येकानं डावीकडच्या रकान्यात निदान एक शंका लिहून आणायची, आणि ती सुटेपर्यंत पुढचं प्रकरण उघडायचं नाही.